गाभण वळूचा दाखला

सोमवारी सकाळी वळूवाल्यानं जनावरांच्या दवाखान्याच्या खिडकीत एक कागद आपटला आणि विचारलं, "बाई, तारीख कधीची धरू?"

"कसली तारीख?"

"विण्याची. माझा वळू गाभण आहे म्हणे. शिक्का तुमचाच आहे. पहिलीच खेप आहे, घरात कुणाला अनुभव नाही, म्हणून विचारायला आलो."

रांगेत मागं शेळी घेऊन उभ्या असलेल्या बाईनं पदर तोंडात कोंबला. शेळी मात्र गंभीर होती.

खिडकीच्या आत बसलेल्या बाईंनी चष्मा पुसला आणि कागद वाचला. जनावर: वळू. वय: पाच. तक्रार: खोकला. गाभण: होय. खाली निळ्या शाईचा गोल, ठसठशीत, जरासुद्धा न फाकलेला शिक्का. असा शिक्का आख्ख्या पंचक्रोशीत एकच हात मारत असे, आणि तो त्यांच्याच खांद्याला लटकत होता.

ह्या बाईंना सगळे शिक्केबाई म्हणत. नोकरीचं नाव नोंदणी कारकून, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. सव्वीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसत होत्या. खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली विटेचा तुकडा. तुकडासुद्धा पहिल्या दिवसापासूनचा. खिडकीत जनावर आलं की मालकाचं नाव, जनावर कोणतं, वय, तक्रार, एवढं केसपेपरवर लिहायचं आणि मग शिक्का. ठक पॅडवर, ठक कागदावर. दोन ठोक्यांच्या मधे माशी शिरली तर चपटी होऊन निघाली असती. दुसऱ्या ठोक्याला बाईंची मान वर गेलेली असे आणि तोंडातून "पुढचा!" निघालेलं असे. कागदाकडं बघायची गरजच नव्हती. आत डॉक्टर हात घालून बसलेले असले, म्हणजे गायीत, तरी बाहेरची ठक-ठक ऐकून त्यांना किती जनावरं झाली ते कळायचं.

मग दवाखान्यात कॉम्प्युटर आला. नवा नव्हे, मोठ्या दवाखान्यानं टाकून दिलेला. त्याच्यावर रंगीत काही उघडलं की तो उसासा टाकून बंद पडायचा. त्याला झेपेल असा प्रोग्राम कोण लिहून देणार, म्हणून डॉक्टर डोकं खाजवत होते, तर शिक्केबाई म्हणाल्या, "आमचे जावईबापू तेच करतात. दिवसभर काळ्या पडद्याशी बोलतात. माझ्या लेकीशी तेवढं बोलत नाहीत."

जावई आला. किडकिडीत, चष्मेवाला, जनावरांपासून चार हात लांब राहणारा. त्यानं दोन दिवसांत प्रोग्राम उभा केला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. पडदा एक प्रश्न विचारायचा, बाईंनी उत्तर टाइप करून एंटर मारायचा, की पुढचा प्रश्न. मालक? जनावर? वय? तक्रार? गाभण आहे का, ह की न? लस दिली का, ह की न? सगळं झालं की ते आतल्या साठ्यात जाऊन बसायचं, आणि हवा तेव्हा छापील दाखला निघायचा.

पहिल्याच दिवशी प्रोग्राम मेला. 'वय?' ह्यावर बाईंनी लिहिलं, दोन दात.

जावई म्हणाला, "आई, वय म्हणजे वर्षं. आकडा."

"जनावराचं वय दातावर असतं, जावईबापू. मालकाला वर्षं कुठली ठाऊक? त्याला पोरांची आठवत नाहीत."

जावयानं निमूट दातांचा हिशोब प्रोग्रामला शिकवला. दोन दात लिहिलं की त्यानं आपला आपण अडीच वर्षं धरायची. बाई खूश झाल्या आणि जेवताना आणखी एक मागणी केली. "एकेक माणूस वीस-वीस शेळ्या आणतो. दरवेळी त्याचं नाव काय लिहायचं? तुमच्या त्या खोक्याला एवढं कळू नये, की मघाचाच माणूस आहे?"

सासूबाईंनी दुसऱ्यांदा भात वाढता वाढता मागितलेली गोष्ट. जावई नाही कसा म्हणेल? त्यानं सोय करून दिली. काही न लिहिता नुसता एंटर मारला, की आधीच्या जनावराचं उत्तर पुन्हा धरायचं. आणि घाईत ही सोय त्यानं एकट्या मालकाच्या नावाला न देता सगळ्याच प्रश्नांना देऊन टाकली. जाता जाता एक खोटी नोंद भरून दाखवली. मालक: स्वतः. जनावर: म्हैस. गाभण: होय. त्या बिचाऱ्याला म्हशीबद्दल तेवढंच माहीत होतं.

ह्या गोष्टीला तीन आठवडे झाले होते. आणि आता वळूवाला खिडकीत कोपर टेकून उभा होता.

"जनावरांच्या बाजारात फाटकावर अडवलं मला," तो सांगत होता. "गाभण जनावर आत सोडत नाहीत म्हणाले, धक्काबुक्की होते. मी म्हटलं, अहो, मागून वाकून बघा की. तो म्हणाला, मी कागद बघतो, मागून बघायचा पगार मला नाही."

आतून डॉक्टर कोपरापर्यंतचा हातमोजा काढत आले. त्यांनी कागद वाचला, वळूकडं बघितलं, बाईंकडं बघितलं आणि कॉम्प्युटरवर सगळी यादी काढली. तीन आठवड्यांत चारशे बारा जनावरं. गाभण, चारशे बारा. त्यात सदतीस बैल, एकोणीस बोकड, दोन रेडे, सरपंचांचा कुत्रा आणि एक कोंबडा.

"कोंबडा," डॉक्टर म्हणाले आणि खाली बसले.

बाहेर रांगेत बातमी पोचायला एक शेळी ओरडायला लागते तेवढाच वेळ लागला. लोक एकमेकांच्या बैलांचं अभिनंदन करायला लागले. एकानं आपल्या बोकडाला विचारलं, "सांगायचं तरी होतंस मला, मी काय परका?"

डॉक्टरांना हसू येत होतं, पण ते अर्ध्यात आटलं. गुरुवारी वरच्या कार्यालयातले साहेब नोंदी तपासायला येणार होते. पत्र आधीच आलं होतं. नोंदी बरोबर नसल्या तर नोंदणीचं काम इथून उचलून मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि बाईंची बदली औषधांच्या गोदामात, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला.

"बाटल्यांना कोण पुढचा म्हणणार?" शिक्केबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी उरलेल्या शिक्क्यांपैकी तीन जरा तिरके पडले, आणि ते डॉक्टरांनी बघितलं.

मंगळवारी जावई सुट्टी टाकून आला. आल्या आल्या त्यानं वळू भरला, गाभण का, न. छापलं तर न. बैल भरला, न. कोंबडा भरला, न. प्रोग्राम गायीसारखा गरीब. मग तो म्हणाला, "आई, आता तुम्ही भरा."

बाई सावरून बसल्या. जावई शेजारी बघत बसलेला, म्हणजे परीक्षाच. एकेक अक्षर शोधून, एकेक बोट ठेवून, एंटर असा दाबला की जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घातलं. सगळं बरोबर.

जावयाला संशय होताच. साऱ्या नोंदी होय म्हणजे कुठंतरी रिकामा एंटर पडतोय आणि मागचं उत्तर पुढं ढकललं जातंय, त्याच्याच त्या खोट्या म्हशीपासून. पण रिकामा एंटर मारतंय कोण? तो खाली मान घालून म्हणाला, "आई, म्हणजे, असं नाही, पण कधी चुकून दोनदा दाबलं जातं का?"

"मी एकदाच दाबते."

"हो हो. एकदाच."

सासूबाईंना खोटं कसं पाडायचं? त्यानं बाहेर जाऊन बायकोला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता आणि खिडकी उघडी होती, त्यामुळं शिक्केबाईंनी लेकीचं सगळं ऐकलं.

"अहो, स्पष्ट सांगा तिला! ती गॅस बंद केलाय का ते दोनदा बघते, कुलूप दोनदा ओढते. दोनदाच दाबत असणार!"

"तू सांग ना."

"मी? मला त्या घरी जायचं असतं महिन्यातनं एकदा!"

जावई आत आला आणि म्हणाला, "कीबोर्ड बदलू या. बटण चिकटत असेल."

नवा कीबोर्ड आला. शिक्केबाई त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "बटण चिकटत नव्हतं, जावईबापू. आणि मी ऐकू येण्याइतकी तरुण आहे अजून. पण आता तुम्हीच सांगा, त्या गाभणाच्या प्रश्नाचं काय? तुमचा प्रोग्राम तो मला विचारतच नाही."

"विचारत नाही?"

"आज तुम्ही बसला होता तेव्हा विचारला. एरवी तक्रार लिहिली की थेट लसच विचारतो. मला वाटलं, शहाणा आहे. वळू लिहिलेला दिसल्यावर असलं कशाला विचारील?"

"आणि गायीला?"

"गायीला बघून कळत असेल म्हटलं. इथं सगळ्यांना बघूनच कळतं. एक तुम्ही सोडून."

बुधवारी लस टोचायचा दिवस. उजाडल्यापासून फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत जनावरं. त्या दिवशी रीतच अशी, की आधी सगळ्यांचे केसपेपर बाहेर झाडाखाली लिहून, शिक्के मारून घ्यायचे, मग मशीनवर भरायचं. जावई खुर्चीत बसून प्रोग्रामच्या ओळी तिसऱ्यांदा वाचत होता. बाईंनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"ओळी पळून जात नाहीत, बैल पळून जातात. चला, मी लिहिते, तुम्ही शिक्के मारा."

जावयानं पहिला शिक्का सरळ कागदावर मारला. काही उमटलं नाही.

"शाई कोण लावणार, मी? आधी पॅड, मग कागद."

त्यानं पॅडवर अलगद टेकवला, उचलला, निरखून बघितला, मग कागदावर टेकवला. तेवढ्यात समोरच्या गायीनं निम्मा केसपेपर खाल्ला.

"असं नाही हो! निरखताय काय, हनुमानाचा फोटो आहे का तो? मनगट सैल. ठक-ठक. दोन्ही एकाच श्वासात. आणि तोंडानं म्हणायचं, पुढचा!"

"तोंडानं म्हणायलाच पाहिजे?"

"त्याशिवाय हात सुटत नाही."

दहा कागद वाकडे गेले. पंधराव्याला शाई बोटांवर आली, विसाव्याला नाकावर. चाळिसाव्या कागदाला काहीतरी झालं. मनगट आपोआप सुटलं. ठक-ठक, पुढचा. ठक-ठक, पुढचा. जावई मान वर करून लांब बघत शिक्के मारायला लागला. नव्वदाव्या कागदाला तर तो पायानं ताल धरून होता, आणि रांगेतले लोक म्हणत होते, "बाईंचंच रक्त दिसतंय," आणि दुसरे सांगत होते, "अरे जावई आहे, रक्त कुठलं?"

तेवढ्यात एका म्हशीनं सुई बघितली आणि दाव्यासकट रस्ता धरला. मालक तिच्यामागं, डॉक्टर मालकामागं, शिक्केबाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढं. जाता जाता त्या ओरडल्या, "जावईबापू, मशीन सांभाळा! रांग थांबली तर माणसं मला खातील!"

जावई खुर्चीत बसला. पहिली शेळी त्यानं सावकाश भरली. दुसरी एक गाय, खरोखरच सात महिन्यांची गाभण, ह. मागून लोक ओरडायला लागले, "अहो, ऊन चढतंय, लिहिताय का विणताय?" तिसरा वळूवाला. मालक, वळूवाला. जनावर, वळू. वय, पाच. तक्रार, नाही. ठक-ठक.

"पुढचा!" जावई म्हणाला आणि मान वर केली.

लसीला ह मारला, दाखला छापला, न बघता शिक्का उठवला आणि कागद खिडकीतून सरकवला.

वळूवाल्यानं कागद वाचला. सावकाश वाचला. मग वळूच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "पाहुणे, पहिल्याचंच अजून काही झालं नाही, आणि तुम्ही दुसरं सांगताय?"

जावयानं कागद हिसकावून घेतला. गाभण: होय. त्यानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. हात अजून टेबलाच्या काठावर हळूच ठक-ठक करत होता. मग जावयानं अशी किंकाळी फोडली की वळूच दोन पावलं मागं सरला.

"माझाच हात! माझ्याच हातानं झालं!"

तो खिडकीतून उडी मारून गेला असं लोक सांगतात. दरवाजा शेजारीच होता. म्हशीच्या दाव्याला लोंबकळत परत येणाऱ्या सासूबाईंना त्यानं रस्त्यात गाठलं. आजवर जो गुरापासून चार हात लांब राहायचा, तो म्हशीच्या मानेवरूनच बोलायला लागला.

"आई! तक्रार लिहून झाली की कागदावर काय येतं?"

"शिक्का."

"शिक्का कसा?"

"ठक-ठक."

"आणि मशीनवर तक्रार लिहून झाली की?"

शिक्केबाईंनी दावं डाव्या हातात घेतलं. उजवा हात हवेत आपोआप दोनदा आपटला. दुसऱ्या ठोक्याला मान वर गेली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "पहिला एंटर तक्रारीला, दुसरा गाभणाला. आणि मी बघतेय आभाळात."

"आणि मागचं उत्तर पुढं! म्हशीकडून शेळीला, शेळीकडून बोकडाला, बोकडाकडून कोंबड्याला!"

"तुमच्या म्हशीकडून," बाई म्हणाल्या. "सुरुवात तुमची." आणि मग दोघं भर रस्त्यात असे हसले की म्हैस सुई विसरून त्यांच्याकडं बघत राहिली आणि डॉक्टरांनी तेवढ्यात ती टोचून घेतली.

डॉक्टरांचं म्हणणं पडलं, बाईंनी एकदाच दाबायची सवय लावून घ्यावी. फोनवर लेकीचंही तेच. पण जावई पहिल्यांदाच सासरी ठाम बोलला. "सव्वीस वर्षांचा हात आहे. माझा एका सकाळीत फिरला. हात तसाच राहील, प्रोग्राम बदलेल."

बाईंनी त्या दिवशी भात तीनदा वाढला.

बदल मोठा नव्हता. रिकामा एंटर फक्त मालकाच्या नावाला चालेल, बाकी कुठं आला तर ते उत्तर नव्हेच, प्रश्न पुन्हा विचारायचा. आणि नर लिहिलेला दिसला की गाभणाचं विचारायचंच नाही.

"म्हणजे मला वाटलं होतं तसंच," बाई म्हणाल्या.

"तसंच. तुम्हाला तीन आठवडे आधी कळलं होतं. रिकामा एंटर आला तर काय लिहू? 'चूक, पुन्हा भरा'?"

"हे काय, मास्तर आहे का तो? लिहा, 'अहो, विचारलंय ते सांगा की.'"

तसंच लिहिलं. मग चारशे बारा नोंदी धुवायच्या होत्या. कितीतरी केसपेपरांवर गाभण की नाही ह्याची डॉक्टरांची खूण होती. ज्यांवर नव्हती त्या बाईंच्या डोक्यात होत्या. केसपेपर वर धरला की त्या डोळे मिटून सांगायच्या, "तांबडी, डावं शिंग मोडकं, भाकड. पुढचा!" गुरुवारी सकाळपर्यंत गाभण उरल्या एकसष्ट, साऱ्या माद्या. आणि एक वळू. दिलेला दाखला परत आल्याशिवाय नोंद बदलायची नाही असा दवाखान्याचा नियमच होता. बुधवारचा कागद जावयानं हिसकावला होता, पण पहिला वळूवाल्याकडं होता. आणि वळूवाला तो द्यायला तयार नव्हता.

"काच लावून घेतोय मी त्याला," तो म्हणाला. "तीन गावची माणसं वळू बघायला येतात. बघून झालं की गाय घेऊन येतात."

साहेब अकराला आले. जाडसर, घामेजलेले, कुणावर विश्वास न ठेवणारे. म्हणाले, "बाजूला व्हा, मी स्वतः एक नोंद भरून बघतो."

बाई खुर्चीतून उठल्या. जावई भिंतीला चिकटला. साहेबांनी विटेवरची खुर्ची ओढली, ती डुगडुगली. एका पारडीची नोंद घेतली. मालक, जनावर, वय. तक्रार: जुलाब. आणि साहेबांचा जाडजूड हात वर गेला.

ठक-ठक.

मान वर. तोंड अर्धवट उघडं.

पडद्यावर हिरवं उमटलं, अहो, विचारलंय ते सांगा की.

"सांगतो, सांगतो," साहेब मशीनला म्हणाले आणि घाईघाईनं न दाबलं. मग ओशाळून इकडंतिकडं बघितलं.

शिक्केबाई त्यांच्या मनगटाकडं बघत होत्या. "साहेब, शिक्क्यावर किती वर्षं होता?"

साहेबांनी मनगट मागं घेतलं. "चौदा. आवक-जावक." मग हळूच, "कसं ओळखलंत?"

"पुढचा म्हणता म्हणता राहिलात."

साहेब हसले, पण गाभणांची यादी त्यांनी पुरती वाचली. बासष्टाव्या ओळीवर बोट थांबलं. "हा वळू? बाई, बाकी सगळं चोख आहे. पण ही ओळ असेल तर मी सही करणार नाही."

दारात वळूवाला उभाच होता, गंमत बघायला आलेला, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. बाईंनी हात पुढं केला.

"दे."

"आणि माझी गंमत गेली ती?"

"काय पाहिजे तुला?"

वळूवाल्यानं विचार केला. "दुसरा दाखला. वळू गाभण नाही असा. शिक्क्यासकट. काचेत तो बसवीन."

"मशीन आता नराचं विचारत नाही," जावई म्हणाला. "छापताच येणार नाही."

"तुम्ही सरा," शिक्केबाई म्हणाल्या. त्यांनी खणातून कोरा कागद काढला, पेन झटकलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: सदर वळू तपासला असता गाभण आढळला नाही. डॉक्टरांनी मान खाली घालून सही केली, त्यांचे खांदे गदागदा हलत होते. मग ठक-ठक. जुना कागद परत आला, बासष्टावी ओळ पुसली गेली, आणि साहेबांनी यादीखाली लिहिलं, नोंदणी आहे तिथंच ठेवावी. सही करून त्यांनी शिक्का स्वतःच मारायला मागितला. बाईंनी दिला. बरा मारला, असं त्या नंतर म्हणाल्या. जरा फाकला, पण चौदा वर्षांच्या मानानं बरा.

चार दिवसांनी लेकीचा फोन आला, भर गर्दीत.

"आई, काय शिकवून पाठवलंस ह्यांना? दारावरची बेल दोनदा, लिफ्टचं बटण दोनदा. काल मला चहाला हाक मारायची तर म्हणाले, पुढचा!"

"मग चहा दिलास का?"

"दिला."

"मग झालं तर. ठेव आता, रांग आहे."

खिडकीत वळूवाला दात काढत उभा होता. ह्या खेपेला गाय घेऊन आला होता, आणि ती गाभण होती.